सोनूबाईंच्या पायांपाशी

मित्रांनो, मढच्या कोळीवाड्यात शिरलात की सुकत घातलेल्या जाळ्यांच्या कडेला एक जुनी हिरवी जीप उभी दिसेल. हिरवी म्हणजे एके काळची. आता खाऱ्या वाऱ्याने माझा निम्मा रंग खाऊन टाकला आहे. माझा एक वायपर चालतो, दुसरा नुसता थरथरतो. अगदी परवापर्यंत डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा. पुढचं एक दार जाळ्याच्या दोरीने बांधलेलं असतं. पण माझं इंजिन अजून एका फटक्यात चालू होतं, आणि याचा मला थोडा अभिमान आहे.

माझा जन्म डोंगरांसाठी झाला. माझे पहिले मालक हिमाचलात रस्त्यांची मोजणी करणारे एक इंजिनियरसाहेब होते. बर्फ पडत असे तेव्हा ते माझा हिटर लावत आणि बोटं शेकत म्हणत, "वा, बाई! तू आहेस म्हणून मी आहे." तुम्हाला वाटेल, हिटर म्हणजे काहीतरी अवघड यंत्र. तसं नाही. इंजिनाचं तापलेलं पाणी एका पाइपने आत येतं, एका छोट्या जाळीतून फिरतं आणि दुसऱ्या पाइपने परत जातं. त्या जाळीवरून आलेला वारा गरम होऊन तुमच्या पायांपाशी येतो. वाटेत एक नळ असतो. उघडला की ऊब, बंद केला की थंड. इतकं साधं.

साहेब निवृत्त झाले आणि मला घेऊन बोरिवलीला आले. तिथे मी चार वर्षं इमारतीखाली नुसती उभी होते. मुलं माझ्या काचेवरच्या धुळीत नावं लिहीत. माझ्या टायरांमधली हवा गेली तरी कोणाला कळलं नाही. मग एके दिवशी महादू आले. मढचे मासेमार, अंगाने आडदांड, बोलायला मऊ. त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल गो, आपल्या घरी."

तेव्हापासून मी मासळी वाहते. पहाटे बंदरावर होडी लागली की बर्फात घातलेल्या माशांचे क्रेट माझ्या मागच्या बाजूला चढतात. पुढे महादू आणि त्यांची बायको सोनूबाई. मढहून मार्वे, मालवणी आणि मग मालाडचा बाजार. पुढे महादूंची नजर मंदावली. आता ते घरी बसून हाताच्या अंदाजाने जाळी विणतात. त्यांचा मुलगा परेश होडीवर जातो आणि गाडी सून चालवते. नेत्रा तिचं नाव. पहिल्या दिवशी तिने मला आक्साच्या चढावर तीनदा बंद पाडली. सोनूबाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नको. मी कुठं पलून चाललंय?" तेव्हापासून त्या दोघींची जोडी जमली.

मागच्या मार्च महिन्यात माझा हिटर बिघडला. तो चालू होईना असं नव्हे, तो बंद होईना! खाऱ्या हवेने नळाची तार गंजली आणि नळ उघडा असतानाच अडकून बसला. आधीच मुंबईचा उन्हाळा, त्यात पुढच्या सीटवर गरम वारा. पंखा बंद केला तरी गाडी पळायला लागली की वारा आत यायचाच. नेत्रा घामाने निथळायची. आणि खरी पंचाईत मागे होती. सीटला लागून ठेवलेल्या क्रेटमधला बर्फ मालाड येईपर्यंत पाणी होऊन जायचा.

"वाट लागली यार," परेश एका दुपारी वैतागून म्हणाला. "पापलेटं बघ, नुसती लिबलिबीत. गिऱ्हाईक बोट लावतं आणि पुढे जातं. असंच चाललं तर गाडी काढून टाकू."

काढून टाकू! मित्रांनो, हे ऐकून माझ्या पत्र्याला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

दुसऱ्या दिवशी नेत्राने मला मालवणीला विद्याधर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेलं. विद्याधर मूळचे जालन्याकडचे, बोलणं तोडून टाकणारं, हात मात्र डॉक्टरसारखा. त्यांनी आधी हिटरचे दोन्ही पाइप चाचपले. दोन्ही चटका बसेल इतके गरम. मग त्यांनी आतली मूठ ओढली, तर तुटलेली तार हातातच आली.

"नळ जाम झालाय, ताई," ते म्हणाले. "हा जुना माल आता मिळणं कठीण. आणि मुंबईत हिटर काय करायचाय? पाइप बाहेरच्या बाहेर जोडून देतो, गरम पाणी आत येणारच नाही. विषय संपला."

"झकास," नेत्रा म्हणाली.

विषय खरोखर संपला. हॉर्नही दुरुस्त झाला. बर्फ टिकू लागला, पापलेटं कडक राहू लागली, परेशने माझ्या बॉनेटवर थाप मारली. सगळे खूश होते.

फक्त सोनूबाई गप्प झाल्या.

हे फक्त मला दिसत होतं. गाडीत बसल्या की त्या चपला काढायच्या आणि पाय हळूच पुढे सरकवायच्या, जिथून आधी गरम वारा यायचा तिथे. काही येत नसे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मला सांगावंसं वाटे, 'नेत्रा, जरा खाली बघ.' पण मला एक हॉर्न तेवढा होता, आणि तोही आता सांगितल्याशिवाय वाजत नव्हता.

मे उजाडला तेव्हा सोनूबाई घरात म्हणाल्या, "माजी बाजारातली जागा शेजारच्या कुंदाला देऊया. माजं आता वय झालं."

चाळीस वर्षं त्या एकाच ओट्यावर मासळी विकत बसलेली बाई! परेश म्हणाला, "बरं झालं, आई. आता आराम कर." नेत्राला ते पटलं नव्हतं, पण काय विचारावं हेही तिला उमगत नव्हतं.

त्याच आठवड्यात ते घडलं. मालाडच्या बाजारापाशी मी थांबले. सोनूबाईंनी दोरी सोडून दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला, आणि पुढच्या क्षणी त्या रस्त्यावर होत्या. हातातली पाटी उलटली, बांगडे चहूकडे पसरले. नेत्रा धावली. मासे तसेच टाकून तिने सासूला उचलून पुन्हा माझ्या सीटवर बसवलं आणि कुठे लागलं ते बघायला पाय हातात घेतला. ती एकदम थांबली.

"आई, पाय किती गार पडलेत हे!"

"नाय गो, काय नाय झाला."

"मग पडलात कशा?"

सोनूबाई खाली बघत म्हणाल्या, "पाय कुठं टेकला ताच कलला नाय मना. पहाटे बंदरावर बरफाच्या पाण्यात उभी रायतंय, मंग हितं वल्या लादीवर. पाय लाकूड होतात. मधी या गाडीत गरम वारा यायचा ना, तेवढा वेल वाटायचा, पाय माजेच हायत."

"मग बोलायचं नाही का? मीच बंद करून आणला तो!"

"काय बोलू? बरफ वितलत होता. पोरांचा मासा जात होता. मासा बघू का पाय बघू?"

नेत्रा रस्त्यावर गुडघे टेकून बसली आणि आपल्या ओढणीने त्या पायांची बोटं एकेक करून पुसत राहिली. आजूबाजूच्या बायका मासे गोळा करून पाटीत भरत होत्या. माझं इंजिन बंद होतं, तरी मला आतून गरम झाल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी पाय तपासले. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण वर्षानुवर्षांच्या गारठ्याने पायांतला रक्तप्रवाह मंदावला होता. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कोरडे मोजे आणि बेताची ऊब, असं त्यांनी सांगितलं. तिथून नेत्रा थेट गॅरेजमध्ये आली.

"तो हिटर परत जोडून द्या."

विद्याधर हसायला लागले. मग तिने सगळं सांगितलं, तसं त्यांचं हसू मावळलं. "मी विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "गाडीत कोण बसतं, हे आधी विचारायला पाहिजे होतं."

नळासाठी ते तीन दिवस भंगारवाल्यांकडे फिरले. नळ मिळाला, पाइप जोडले, तरी वारा गारच. त्यांनी पुन्हा पाइप चाचपले. या वेळी एक गरम, दुसरा थंड. म्हणजे पाणी आत जात होतं, पण बाहेर येत नव्हतं. त्यांनी नळीचं पाणी जोराने सोडलं, तेव्हा माझ्या आतून चहासारखा तपकिरी गाळ बाहेर पडला. मग मला चढावर नाक वर करून उभं केलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ दिली. शेवटचा बुडबुडा फुटला आणि गरम वारा आला. विद्याधरांनी तो आधी स्वतःच्या हातावर घेतला.

क्रेट आणि सीट यांच्यामध्ये परेशने थर्माकोल लावून फळी ठोकली. गाडी काढून टाकू म्हणणारा हाच परेश. काम करताना तो एकदाच बोलला, "आईने मला सांगायला नको होतं का?" जाळं विणता विणता महादू म्हणाले, "तू कवा इचारलंस?"

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्या. आमचं पाणी तपासा, गंज पुसा, उभं करून विसरू नका. पण एवढ्यावर थांबू नका. मी कुरकुरले तर तुम्ही लगेच बॉनेट उघडता. घरातलं माणूस कुरकुरत नाही, नुसतं गप्प होतं. त्याच्याजवळ बसा, त्याचे पाय हातात घेऊन बघा.

नव्या नळानंतरच्या पहिल्या सकाळी सोनूबाई आपल्याच ओट्यावर जायला माझ्या पुढच्या सीटवर बसल्या, पायांत कोरडे मोजे. नेत्राने नळ थोडासाच उघडला. मार्व्याच्या अलीकडेच त्यांची मान कलली आणि त्या तोंड उघडं टाकून झोपी गेल्या. नेत्राने वेग कमी केला. प्रत्येक खड्डा ती वळसा घालून चुकवत होती. मागून रिक्षावाले ओरडत होते, पण तिने हॉर्न वाजवला नाही. त्या दिवशी बाजारात आम्ही सर्वांत शेवटी पोहोचलो, आणि तरीही नेत्रा पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहिली.