चोरीच्या फांद्या

गावाचं काचघर सांभाळणाऱ्या नेटाबाईने कुंडीतून बेगोनियाचं काळं पडलेलं खोड उपटलं आणि ढकलगाडीत भिरकावलं. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला जुलैची थंडी हाडं गोठवते. ऊब देणारा बॉयलर बंद होताच त्या थंडीने काचघरातली उष्ण देशांची सगळी झाडं मारली होती. बॉयलर बंद करवला होता नगरपालिकेच्या लॉकयरने. तो खिशात हात घालून दारात उभा होता.

"झाडंच नाहीत तर काचघर कशाला, नेटाबाई? सोमवारी पाडायला माणसं येतील."

"सोमवारी मीही येईन. दारातून हलवून दाखव मला!"

म्हणाली खरी, पण तो गेल्यावर रिकाम्या फळ्या बघून तिला रडू कोसळलं. पणजोबांच्या काळचं काचघर, आणि ते तिच्याच डोळ्यांदेखत जाणार होतं.

सोमवारी ती दारात खुर्ची टाकून बसली. लॉकयर माणसं घेऊन आला आणि त्याच्यापाठोपाठ गावातलीच पेग डॅलगेटी. पेगच्या अवाढव्य पर्सवर नेटाने वर्षानुवर्षं घारीसारखी नजर ठेवली होती. आज पर्स नव्हती. हातात शालीत गुंडाळलेली कुंडी होती.

"तुझा बेगोनिया," पेग म्हणाली. "तू चहाला गेलीस तेव्हा एकदा फांदी खुडली होती."

"वाटलंच होतं मला! चोरटी कुठली!"

"चोरीच्या फांदीला लवकर मूळ फुटतं, आजी सांगायची. खोटं बोलायची का ती?"

पेगच्या मागे खाटकाची बायको होती, तिच्या मागे शाळेच्या निवृत्त बाई. कुणाकडे ऑर्किड, कुणाकडे नेचा. गावातल्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांत अख्खं काचघर जिवंत होतं. नेटाला शिव्या घालाव्यात की मिठी मारावी, कळेना.

रांगेच्या शेवटी काठी टेकत एक म्हातारी आली. लॉकयरचा चेहरा उतरला.

"आई? अगं, हे तर आपल्या खिडकीतलं…"

"हो. तू एवढासा होतास तेव्हा तुझ्याच टोपीत लपवून आणलं होतं. टोपी डोक्यावर होती म्हणून तुला कुणी हटकलं नाही."

बायका खो खो हसल्या. पाडायला आलेली माणसंही हसली.

"उभा काय राहिलास ठोंब्यासारखा?" म्हातारीने कुंडी त्याच्या हातात कोंबली. "आत ठेव. आणि आधी तो बॉयलर पेटव, गारठून मरेल बिचारं."

लॉकयरने नेटाकडे पाहिलं. नेटा उठली नाही. तिने खुर्ची जराशी सरकवली, कुंडी घेतलेला एक माणूस आत जाईल एवढीच.