लिंबेर्तचं पावाचं विमान

आमच्या तारातात, बोलिव्हियातल्या या गावात, मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी जेवायला येतात. एक नोव्हेंबरला दुपारी बाराला यायचं, दुसऱ्या दिवशी बाराला परत जायचं. त्यांना बसायला आम्ही पावाचे घोडे भाजतो. माझ्या आजेसासूच्या घोड्यानं एकदा अंगणातला सगळा चारा फस्त केला होता. नसेल पटत तर नका मानू, गाय मात्र उपाशी राहिली.

त्या वर्षी माझ्या शेजारच्या एदुविहेसनं घोडा एकच भाजला, नवऱ्यासाठी. दुसऱ्या पावाला तिनं पंख काढले. तिचा लेक लिंबेर्त, माझा धर्मपुत्र, मार्चमध्ये माद्रिदला तापानं गेला. भाड्याच्या खोलीत, एकटा. तीन दिवसांनी कळलं. तिथंच पुरला.

"समुद्रावरून घोडा कसा येईल गं, सातुका?" ती मला म्हणाली.

तिची भाची नायरा फोनवर बघून सांगत होती, एदुविहेस बोटांवर मोजत होती.

"माद्रिद ते सांताक्रूस, जवळजवळ नऊ हजार किलोमीटर. साडेअकरा तास."

"पुढं?"

"कोचाबांबापर्यंत विमानानं एक तास, मग व्हॅननं एक. पण मावशी, आत्म्याला कशाला हवंय विमान?"

"गप गं. तिकडं बारा वाजतात तेव्हा इथं सकाळचे सात. म्हणजे पोचायला साडेआठ, तेही रात्रीचे!"

एक तारखेला बाराला तिनं टेबल मांडलं. नवऱ्याचा फोटो, लेकाचा फोटो, बटाटे, मक्याच्या दारूचे, चिचाचे दोन ग्लास. नवरा वेळेवर आला असं धरलं. ती मात्र रस्त्याकडं बघत बसली. मला बघवेना. तीनच्या सुमारास मी लिंबेर्तचा ग्लास हळूच अर्धा केला.

"बघ, आला! वारा पाठीशी होता वाटतं."

"सातुका, तुझ्या तोंडाला चिचाचा वास येतोय."

"पाहुण्याला सोबत नको का?"

ती हसली नाही. साडेआठला तिनं ग्लास पुन्हा भरला आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी आत्म्यांच्या निरोपाची प्रार्थना म्हणायला गावातले हिलारिओनबाबा आले; ती झाली की टेबल उचलायचं. एदुविहेस टेबलाला पाठ लावून उभी.

"आज बाराला टेबल उचलायचं नाही. सगळ्यांच्या लेकरांना चोवीस तास मिळतात. माझ्याला साडेपंधराच? साडेआठपर्यंत राहू दे त्याला."

मी म्हटलं, "राहू द्या हो बाबा. विमानाला उशीर झाला तर पोराचा काय दोष?"

बाबांनी टोपी काढली. "मी काय अडवणार, बाई? ठेव टेबल. पण बाराला गावातले सगळे आत्मे एकदम निघतात. त्याचा बापही निघेल. मग साडेआठला हा कुणाबरोबर जाईल?"

एदुविहेसनं दाराबाहेर बघितलं.

"नायरा, किती वाजले?"

"बाराला चार कमी, मावशी."

एदुविहेसनं दोन्ही फोटो जवळजवळ सरकवले, कडेला कडा लागेपर्यंत.

"एकदा एकटा गेलाय तो," ती म्हणाली. "म्हणा बाबा, प्रार्थना म्हणा."

घंटा वाजायला लागली तशी ती नवऱ्याच्या फोटोवर वाकली.

"झेनोन, त्याचा हात धर," म्हणाली, आणि टेबलावरच्या कापडाचं टोक तिनं स्वतःच उचललं.