पौषातले पंखे

मी सांगितलेलं कोणी ऐकत नाही, ही माझी लग्नापासूनची तक्रार. कढीत साखर जास्त घालू नका म्हटलं, की आमच्या लाइनीतल्या अकरा घरांत कढीचा शिरा व्हायचा. त्यामुळे बहात्तर सालच्या संक्रांतीला जे झालं, त्यात माझा दोष नव्हता असं मी आजही म्हणते. कोणी ऐकेल याची मला सवयच नव्हती.

आमची लाइन म्हणजे जबलपूरच्या फॅक्टरी इस्टेटीतल्या बारा क्वार्टर्सची रांग. बाराही घरं मराठी, कोणी नागपूरकडचं, कोणी अमरावतीकडचं, आणि बाराही घरांतले पुरुष तोफगोळ्यांच्या कारखान्यात. डिसेंबरात लढाई लागली तेव्हा आमचे हे बारा-बारा तासांची ड्यूटी करून यायचे आणि ताटावर बसल्या बसल्या घोरायचे. पुढे लढाई थांबली, पण खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटसाठी चिकटवलेला काळा कागद काही निघेना. तो खरवडत बसले असतानाच मला राधाबाईची आठवण झाली.

राधाबाई जबलपूरच्याच गोरखपुर भागातल्या बाजारात बसायची. छिंदाच्या, म्हणजे आपल्या शिंदीच्या, पानांचे, लाल-हिरव्या किनारीचे हातपंखे विणायची. नवऱ्याचे डोळे गेलेले, घर तिच्या दहा बोटांवर चालायचं, आणि बरोबर तिची शेळी. शेळीचं नाव बेबी. ही बेबी बाजारात तिच्या शेजारी शेठाणीसारखी बसायची आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्याच्या पिशवीतली मेथी खायची. पण आमच्या क्वार्टर्समध्ये छताला विजेचे पंखे लागले आणि राधाबाईचे पंखे कोणी घेईना. गेल्या उन्हाळ्याचा ढीग तसाच पडून होता.

मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं, या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून तिचेच पंखे द्यायचे. नेपियर टाउनच्या दुकानातून प्लास्टिकच्या डब्या आणून लुटण्यापेक्षा राधाबाईच्या घरची चूल पेटलेली काय वाईट? पण माझ्या एकटीच्या डझनभर पंख्यांनी काय होणार. म्हणून मी लाइनीत फिरले. प्रत्येकीला एकटीला गाठून, आवाज खाली आणून म्हटलं, "या वर्षी वाणाला राधाबाईचे पंखे घे. फक्त तुलाच सांगते हं. कोणाला बोलू नको, नाहीतर सगळ्याच तेच देतील."

अकरा जणींना सांगितलं, या हिशेबाने की एखादी ऐकेल.

अकराही जणींनी ऐकलं! आणि माझं सांगणं पाळून एकीनेही दुसरीला सांगितलं नाही. इतकं गुपित तर आमच्या कारखान्यातही राहत नव्हतं.

पहिलं हळदीकुंकू अनसूयाबाईंकडे. अनसूयाबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या बोलायला लागल्या की घड्याळ बंद पडायचं. त्यांनी रुमालाखालून पंखा काढला तेव्हा मी मनात म्हटलं, चला, एकीने तरी ऐकलं. दुसऱ्या दिवशी विनताकडे गेलो, तिनेही पंखा दिला. तिसरीकडे पंखा निघाला तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चौथीने तर दारातच हात जोडले, "हसू नका बायांनो, मला ठाऊक नव्हतं." जबलपूरची पौषातली थंडी, तोंडातून वाफा निघतायत, आणि आम्ही बारा जणी शाली पांघरून हातात पंखे घेऊन या घरातून त्या घरात. समोरचे शर्माजी बायकोला ओरडून म्हणाले, "अरे, बाहर आओ, देखो, मराठी लोगों को गरमी लग रही है!"

रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीच्या घरात बारा पंखे झाले. अकरा आलेले आणि एक स्वतःचा उरलेला. आमचे हे रात्रपाळी करून आले आणि न बघता पलंगावरच्या पंख्यांवर आडवे झाले, ते करकर आवाज होताच उठले. "काय आहे हे?"

"वाण."

"मग वाणावर मी झोपू, का वाण माझ्यावर झोपणार?"

त्यानंतर आमच्या घरी दुधावर पंखा, भातावर पंखा, मोरीच्या भोकावर पंखा. कोणाला देऊन टाकावेत तर तेही नाही. संक्रांतीचं वाण सवाष्णीने घरात ठेवायचं असतं, दुसऱ्याला दिलं तर सौभाग्य जातं, असं अनसूयाबाईंनी जाहीर केलं. पुढचं त्यांनी माझ्याकडे बघून जाहीर केलं, "हेमलताबाईंनी सांगितलेलं यापुढे करायचं नाही. उलट करायचं."

मी कानाला खडा लावला. निदान राधाबाईचा माल तर खपला, एवढ्यावर समाधान मानलं.

ते समाधान चैत्रापर्यंत टिकलं. गोरखपुरला भाजी घ्यायला गेले, तर राधाबाई पंख्यांच्या डोंगराआड बसलेली. नुसते दोन डोळे दिसत होते.

"या बाई, या!" ती म्हणाली. "तुमच्या लाइनीत पंख्याले भल्ली मागणी आहे जी! थंडीत इतके गेले, मंग उन्हाळ्यात किती जातीन? दीडशे विणले."

मी मनात हिशेब केला. दीडशे पंखे, आणि बारा घरांत एकशे चव्वेचाळीस आधीच पडलेले. आमच्या नातवंडांनाही पंखा घ्यायची गरज उरली नव्हती. तेवढ्यात मला दिसलं, तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

"बेबी कुठाय?"

राधाबाईने मान फिरवली. "पानं आणाले इकली. मझौलीच्या एका शेतकऱ्याले. भला माणूस आहे. म्हणे अक्षय तृतीयेपर्यंत ठेवतो, पैसे घेऊन आलीस तर ने. नाही आलीस तर मंग बाजार." मग ती हसली. "पण मी जाईनच ना जी. पंखे काय, असे हातोहात जातीन!"

मी घरी आले आणि रडले. भलं करायला गेले आणि एका बाईची शेळी घालवली. आमचे हे म्हणाले, "काहून रडून राहिली? आपण घेऊ ना दहा-वीस." मी नुसतं पलंगाकडे बोट दाखवलं.

दोन दिवस मी विचार केला. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचा माठ आणि पंखा दान करायचा असतो. दानाची वस्तू नवी, विकत आणलेली लागते, त्यामुळे घरातल्या पंख्यांचा सवालच नव्हता. आणि लष्करी दवाखान्यात लढाईत जखमी झालेले जवान अजून पडून होते. वैशाखात दुपारी अख्ख्या शहराची वीज जायची, तेव्हा त्यांना वारा कोण घालणार? सगळं जुळत होतं. अडचण एकच होती, की हे मी सांगितलं असतं तर कोणी केलं नसतं.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पुन्हा लाइनीत फिरले. प्रत्येकीला एकटीला गाठलं आणि आवाज खाली आणला. "अक्षय तृतीयेला मी जवानांना पंखे देणार आहे, राधाबाईकडचे. एकटी मीच देणार. तू मात्र देऊ नको हं, आधीच सांगून ठेवते."

अनसूयाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "एकट्या तुम्हीच काहून?" त्या म्हणाल्या. "आमचे पितर काय उघड्यावर पडले?"

मी अगदी नाराज तोंड करून घरी आले आणि दार लावून पोट धरून हसले.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी आठला मी बाजारात पोचले. डोंगर गायब! जमिनीवर छिंदाचा भुसाही नव्हता. राधाबाई पदर खोचून निघायच्याच तयारीत होती.

"सारे गेले बाई! अनसूयाबाईच पंचवीस घेऊन गेल्या, दिवस उगवायच्या आत. त्याच्या मागून विनताबाई. मंग तर लाइनच लागली! मी मझौलीच्या मोटारीले चालली." मग तिच्या लक्षात आलं. "अन् तुम्हाले? तुम्हालेच नाही राहिला जी एकही!"

"असू दे," मी म्हटलं. "तू मोटार पकड."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अकरा जणी पंख्यांचे भारे घेऊन आणि बारावी मी, दोन्ही हात हलवत. अनसूयाबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय हेमलताबाई? एकट्याच देणार होत्या ना?" अकराही जणी पदर तोंडाला लावून हसल्या. जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. बोलले असते तर कळलं असतं त्यांना, कोणाच्या डोक्यातून निघालं ते. पण पुढच्या वर्षीही राधाबाईला पंखे विकायचे होते. मी जीभ आवरली. माझ्या आयुष्यात ती पहिलीच वेळ.

वॉर्डात एका कोपऱ्यात वर्ध्याकडचा एक जवान होता. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. अनसूयाबाईंनी त्याला भाषण ऐकवलं, पंखा प्लास्टरवर ठेवला आणि पुढे गेल्या. तो पंख्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. तेवढ्यात वीज गेली.

मी स्टूल ओढलं आणि पंखा उचलून वारा घालायला लागले. बाकीच्या जणी रिक्षा करून निघून गेल्या. एक तास झाला, दोन झाले.

"मावशी, हात दुखत असन तुमचा," तो म्हणाला.

"तू गप पड."

"हा पंखा तुमचाच का जी?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "नाही," मी म्हटलं. "त्या अनसूयाबाईंचा आहे." एवढं वाक्य उच्चारायला मला जितकं जड गेलं, तितकं दोन तास वारा घालायलाही गेलं नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी दारात "म्यॅं" झालं. राधाबाई उभी, हातात दोरी, दोरीला बेबी. मझौलीचं खाऊन चांगली गुबगुबीत झालेली. राधाबाईने पदराखालून एक पंखा काढला. हिरव्या किनारीचा, मधोमध लाल फूल विणलेला. असा तिने बाजारात कधी ठेवला नव्हता.

"हा तुमचा," ती म्हणाली. "साऱ्याईनं नेले, अन् तुम्हीच खाली हातानं गेल्या. मले झोप नाही आली जी. पैशाचं नाव काढायचं नाही."

दारामागे बारा पंखे रचून ठेवले होते, ते मी पायाने आणखी आत सरकवले. मग हा तेरावा दोन्ही हातांनी घेतला आणि मला रडू आवरेना. राधाबाईला वाटलं फूल आवडलं नाही. मी आत पळाले, तिच्या ओटीसाठी तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर आले, तर बेबीने दारामागचे दोन पंखे संपवले होते आणि तिसऱ्याचा दांडा तोंडात होता.

"हाड, हाड!" राधाबाई ओरडली. "सत्यानाश! वाणाचे खाल्ले हिनं! मी नवे विणून देते बाई, दोनच्या जागी चार देते!"

मी चटकन तिचे हात धरले. "अजिबात नको," मी म्हटलं, आणि बेबीची दोरी सोडून बेबीला दाराच्या आत, उरलेल्या पंख्यांपाशी घेतलं.