समोरच्या दुकानातली पँट

माझा सख्खा मुलगा पँट समोरच्या शिंप्याकडून शिवून घेतो. आता सांगा, शिंप्याच्या पोराने बापाची याहून मोठी बेअब्रू काय करायची? दारू पिऊन रस्त्यात लोळला असता तरी मी एवढा जळलो नसतो.

समोरचा म्हणजे काडीमास्तर. अंगाने काडी, म्हणून काडी. दुकान एवढंसं, की आत तिसरं गिऱ्हाईक आलं तर मास्तरला मशीनवर चढून बसावं लागेल. पाटी नाही, आरसा धड नाही. आणि माझं दुकान? ऐन कोपऱ्यावर, दोन्ही रस्त्यांना काच. काचेत मुलाचा गणवेशातला फोटो, माणसाएवढा. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'जवानांसाठी शिलाई मोफत'. अख्ख्या बाजाराचे झेंडे माझ्याच मशीनवरून उतरतात.

बरं, एखाद्या जवानाने तरी मोफत शिलाईला यावं! शपथेवर सांगतो, कोणी फिरकलं नाही. सगळे समोर जातात. कुबडीवाला जातो, एक बाही रिकामी असलेला जातो. तो काडी त्यांच्याकडून चोख पैसे घेतो, वर पाणीसुद्धा विचारत नाही, तरी ही मंडळी तिथे ठाण मांडून खिदळत बसतात. त्यांच्यात माझा मुलगाही. घरी जेवताना 'हं' आणि 'नको' यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि तिथे मात्र टाळ्या देऊन हसतो. मी काच पुसायच्या निमित्ताने उभा राहून बघायचो. तळपायाची आग मस्तकात जायची.

"अहो, पुसून पुसून काच झिजेल," बायको म्हणायची. "किती जळाल?"

"मी कशाला जळू? तो काय, गोण्या शिवतो!"

खरंच गोण्याच. ढगळ, सरळसोट, ना मांडीला बसत ना घोट्याला. आणि त्या गोण्या घालून माझा मुलगा माझ्याच दुकानावरून रोज कामाला जायचा.

तो सैन्यातून परत आला त्याला दोन वर्षं झाली होती. स्फोटात डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला. त्या जागी पट्ट्यांनी बांधायचा तयार, कृत्रिम पाय. दुकानात कोणी बडं गिऱ्हाईक आलं की मी त्याला हाक मारायचो, "ये रे, सांग त्यांना, स्फोट झाला तेव्हा तू काय केलंस ते." तो दोन वाक्यांत सांगायचा, बाकीची भर मी घालायचो. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावायचे, माझी छाती फुगायची, आणि गिऱ्हाईक जाताना एखादा सूट शिवायला टाकून जायचं.

अशात व्यापारी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. यंदा झेंडावंदनाला मुलाचा सत्कार करायचा ठरला होता. स्टेज, बँड, मोठे पाहुणे. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. त्याला कशाला विचारायचं? आणि मनात पक्कं केलं, त्या दिवशी पोरगा माझ्या हातचा सूट घालणार. अख्खा बाजार बघेल. काडीमास्तरही बघेल, अगदी डोळे फाडून.

"बाबा, आहे तीच पँट घातली तर?" मुलगा म्हणाला.

"त्या गोण्या? भर स्टेजवर? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"बरं," तो म्हणाला. "शिवा."

कापड उंची आणलं. मापाची गरजच नव्हती. भरती व्हायच्या आधी त्याचे सगळे कपडे मीच शिवायचो, हातांना पाठ होतं. मांडीला चपखल, खाली निमुळती होत गेलेली पँट बेतली. इस्त्रीची घडी अशी, की हात लावला तर बोट कापेल. बायको म्हणाली, एकदा घालून तरी बघू दे त्याला. मी म्हटलं, मास्तर मी आहे की तू?

कार्यक्रमाच्या दिवशी तो सूट घेऊन खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मी बाहेर कोट घेऊन उभा. बँडचा आवाज जवळ येत होता. आतून काही पडल्याचा आवाज आला, मग टर्रकन शिवण उसवल्याचा. शिंप्याच्या कानाला तो कधी चुकत नाही. मी दार ढकललं.

तो जमिनीवर बसला होता. घामाने निथळत होता. तयार पाय बाजूला काढलेला, त्याच्यावर पँट चढवायचा प्रयत्न चालला होता. त्या पायाचं पाऊल वळत नाही, ते निमुळत्या घोट्यात अडकलं होतं. मांडी जिच्यात बसते ती वरची जाड वाटी पँटच्या मांडीत शिरेना. आणि त्याची स्वतःची मांडी उघडी होती, जिथे संपते तिथपर्यंत. कातडी लालभडक. दोन वर्षांत मी ती पहिल्यांदा बघत होतो.

काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. बापाने बोलावं असं. तोंडातून निघालं ते हे, "काडीमास्तर कसं करतो?"

"बाहेरच्या शिवणीला वरपासून खालपर्यंत चेन लावतात," तो म्हणाला. "पाय बांधायचा, मग पँट गुंडाळून चेन ओढायची. कामावर पाय ठणकायला लागला तर पँट न उतरवता पट्टे सैल करता येतात."

"चेन! एवढंच ना? मला सांगायचं होतंस, मी दहा लावल्या असत्या!"

"त्यांनी विचारलं, बाबा."

"काय विचारलं?"

"कुठे दुखतं."

माझ्या हातातला कोट खाली पडला. मी काय काय विचारलं नव्हतं त्याला! स्फोट केवढा होता, शत्रू किती जवळ होता, साहेबांनी पाठ थोपटली का. गिऱ्हाइकांसमोर विचारलं, पाहुण्यांसमोर विचारलं. हे एक सोडून सगळं विचारलं.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. अध्यक्ष आले होते, नव्याकोऱ्या कपड्यांत, छातीवर मी शिवलेला कापडी झेंडा.

"जवान तयार आहे ना? बँड थांबलाय, पाहुणे खोळंबलेत."

"तो येणार नाही," मी म्हटलं. "पँट बसत नाहीये. चूक माझी आहे."

"अहो, पँटचं काय घेऊन बसलात! खुर्चीत बसवून उचलून नेऊ. पायांवर एक झेंडा पांघरू, झालं. फोटोही झकास येईल."

माझं डोकंच फिरलं. "झेंडा पांघरायला मेलाय का माझा पोरगा? जिवंत आहे तो!"

अध्यक्षांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, "बघा हं मास्तर. पुढच्या वर्षीच्या झेंड्यांचं काम..."

"समोर टाका," मी म्हटलं आणि दार लावलं.

बँड थोडा वेळ दारात वाजला आणि पुढे निघून गेला. मी खोलीत परत आलो, त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. गुडघे कुरकुरले. "सांग," मी म्हटलं, "कुठे दुखतं?"

त्याने माझा हात धरून मांडीवर एका जागी ठेवला. वाटीची कड तिथे रुतते. थंडीत जास्त. जिना उतरताना त्याहून जास्त. "आणि बाबा, जो पाय नाहीच ना, त्याचा अंगठा खाजतो. रात्र रात्र खाजतो. आता नसलेला अंगठा खाजवू कसा?" असं म्हणून तो खो खो हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मीही हसलो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हसता हसता पोटात जळत होतं ते जळतच राहिलं, की पोराचा हा अंगठा समोरच्याला दोन वर्षांपासून ठाऊक होता.