गुंतवळ

हिंमतराव माझ्या चुलत दिरांचा मुलगा. बुलढाण्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. फाल्गुनात तो सोनाळ्याला आला, शेतातली माती आणि ओढ्याचे पाणी बाटल्यांत भरून झाले, आणि मग त्याने आमच्या पेरणाऱ्या बायकांचे केस मागितले.

सवाष्णीच्या केसांना कात्री लावायची नाही, असे मी बजावले. मग विंचरताना निघणारी गुंतवळ तरी द्या, म्हणाला.

"पाटलीनबाई, माह्या गुंतवळीवर कोनी करनी केली तं?" बनाबाईने विचारले. तिफणीमागे बी सोडण्यात तिचा हात धरणारी गावात दुसरी नाही.

"मी शब्द देते. जे निघंल ते तुले सांगू." माझ्या शब्दावर नऊ बायकांनी गुंतवळ दिली.

संकरित ज्वारीचे बियाणे आदल्या पावसाळ्यात नवेच आले होते, कीड लागू नये म्हणून गुलाबी पूड चोळलेले. पेरणी आटोपली की ओटीत उरलेले बी पेरणारणीचे, ही आमच्या घरची रीत. मी ती हात आखडून पाळली नाही. पायली पायली वर घातले. बायकांनी ते धुऊन दळले आणि आषाढभर भाकरी केल्या.

रोहिण्या संपत आल्या तेव्हा हिंमतराव पुन्हा आला, हातात पेढ्यांचा पुडा.

"काकू, काम फत्ते! पारा सापडला. पुडीतला पारा केसांपर्यंत पोचलाय. सगळ्यांत जास्त बनाबाईच्या."

"तिची बोटं होळीपासून बधिर आहेत. सांगितलंस तिला?"

"एवढ्यात नको. प्रबंध नागपूरला गेलाय. मार्गदर्शक म्हणतात, मान्य होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. चार महिन्यांचा प्रश्न आहे. उगीच घबराट होईल."

पेरणीला आठ दिवस होते आणि गुलाबी बियाण्याची दोन पोती माझ्या ओसरीवर होती. विद्वानांच्या कुलाची मला ओळख नाही. पण विष सापडल्यावर पेढे आणावेत आणि ज्याच्या पोटात ते गेले त्याच्यापासूनच लपवावे, हे शिकायला इतकी वर्षे शहरात राहावे लागते, हे त्या दिवशी कळले.

मी नऊही जणींना बोलावणे पाठवले. त्या ओसरीवर जमल्यावर "सांग," मी हिंमतरावाला म्हणाले. "आणि यांना समजेल असं सांग."

त्याने घसा खाकरला. सेंद्रिय संयुगे, संचय, प्रमाण असे बरेच काही बोलला.

"काय म्हनून राह्यले हे?" बनाबाईने मला विचारले.

"त्या बियात जहर होतं म्हणतो."

"पन धुतलं होतं ना! सात पान्यानं धुतलं. पार पांढरंफेक झालं होतं."

"रंग धुतला जातो," हिंमतराव खाली पाहत म्हणाला. "पारा पूर्ण जात नाही."

बनाबाईने दोन्ही हात पुढे केले. बोटे थरथरत होती. "मंग हे बरे होतीन का?"

"ते... माझ्या विषयात येत नाही."

"केस घेतले तवा तं आलं होतं तुमच्या विषयात!" सोजराबाई मागून म्हणाली.

ओटी मी भरली होती, आणि शब्दही मीच दिला होता.

"हिंमता," मी म्हणाले, "यंदा माझ्या शेतात घरचं जुनं बी पडेल. यांच्या ओटीत पेवातली खाण्याची ज्वारी जाईल. आणि उद्या बनाबाई तुझ्याबरोबर बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात येईल. तिथं डॉक्टरांपुढे तुझा कागद वाचायचा. सगळा."

"काकू, मार्गदर्शकांना कळलं तर प्रबंध..."

"नामंजूर होईल? होऊ दे. तू प्राध्यापक आहेस, उपाशी मरणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीत बनाबाई खिडकीशी बसली. हिंमतराव तिच्या शेजारी बसला नाही. एक रांग सोडून मागे बसला. मी मोटारीत चढले, त्याला उठवून तिच्या शेजारी बसवले, आणि मागच्या रिकाम्या जागेवर स्वतः बसले.