कमरेची शिवण

उद्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. दूध तापवायला काढलं, पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं, पुन्हा काढलं. शेवटी नवऱ्याची करडी पँट इस्त्रीला घेतली, तेव्हा कुठे हाताला काम मिळालं.

नवरा शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. तीन महिन्यांपूर्वी जिना चढताना त्याची छाती आवळून आली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचून वाट अरुंद झाल्याचं तपासणीत कळलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. वजन उतरवणं हेही औषधच समजा." तेव्हापासून ती बेतानं वाढत होती आणि तो रोज सांगत होता, "पँट सैल पडतेय बघ." वजनकाटा घरात नव्हता. शिंप्याच्या घरी टेप असताना काटा कशाला, असं त्याचं म्हणणं.

कमरेशी येताच तिची इस्त्री थांबली. मागच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापडाची बारीक पट्टी गडद होती, अगदी नवी. बाकीची पँट धुऊन धुऊन विटलेली. पट्टीच्या कडेनं जुन्या टिपेची भोकं. एवढ्या वर्षांत तिलाही हे कळायला लागलं होतं. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं होतं. पँट सैल पडली नव्हती, त्यानं ती उसवून वाढवली होती.

पँट तशीच उचलून ती दुकानात गेली. तो मशीनवर बसला होता.

"काय हो, सैल पडतेय ना?"

"पडतेय की! आता बेल्ट लागेल."

"बेल्ट राहू दे, आधी थोडी लाज बाळगा. ही भोकं काय उंदरानं पाडली?"

मशीन थांबलं.

"तो समोरचा बेकरीवाला..."

"त्यानं काय तोंडात कोंबलं?"

त्यानं बोटाला दोरा गुंडाळला. "पहिल्या महिन्यात खरंच उतरलं होतं गं. पँट आत घ्यायला बसलो, खडूनं खूण केली आणि दादा आठवला."

दादा म्हणजे तिचे मोठे दीर, कर्करोगानं गेलेले. त्यांचे कपडे हाच लहान करून द्यायचा.

"दर खेपेला म्हणायचा, अजून जरा आत घे रे. शेवटी दुमडायला जागा उरली नाही. माझ्या पँटवर ती टीप घालवेना. मग खाल्लं. बरं वाटलं."

तिचा राग गेला नाही, पण आवाज उतरला. "दादांना आजार खात होता. तुम्ही आजाराला खाऊ घालताय."

"पुढच्या आठवड्यात जाऊ या का?"

"उद्याच. आणि हेही डॉक्टरांना सांगायचं."

तिनं त्याच्या गळ्यातला टेप ओढून कमरेभोवती धरला. त्यानं पटकन पोट आत घेतलं.

"गिऱ्हाईक असं करतं तेव्हा काय म्हणता?"

"श्वास सोडा म्हणतो."

"मग सोडा."

त्यानं सोडला. टेप तिच्या बोटांतून सरकत गेला. आकडा तिनं मोठ्यानं वाचला.

"परत आत घ्यायची वेळ आली की मला सांगा. टीप मी घालीन."

"तू? गिऱ्हाइकं पळतील."

"पळू देत. तुम्ही थांबा म्हणजे झालं."

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. इस्त्री खालच्या चादरीवर तशीच चालू राहिली होती. ती धावली.