टाके सुटतात? घाबरू नका

माझ्या ताईने चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. मशीनला हात लावायच्या आधी ती कान लावायची. गिऱ्हाइकाला म्हणायची, "चालवा बघू," आणि डोळे मिटून ऐकायची. मग झाकण न उघडता सांगायची, बॉबिनखाली दोरा अडकलाय. तो अडकलेलाच असायचा.

दुकान बंद केल्यावर तिने हत्यारांची लोखंडी पेटी पलंगाखाली सरकवली आणि ब्लॉग लिहायला घेतला. मुलगी बँकेत, जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत आणि मी तिचा धाकटा भाऊ. आम्हा तिघांना मिळून शर्टाचं एक बटण लावता येत नाही. तेव्हा डोक्यातलं हे सगळं द्यायचं कुणाला, हा तिचा प्रश्न होता.

लेख तिचे, शुद्धलेखन आणि शीर्षकं माझी. वर्षभरात बेचाळीस लेख झाले. वाचक दोन. एक मी आणि दुसरी ती, तीही माझ्या चुका काढायला यायची.

"तीस तारखेला ब्लॉगचं वर्ष संपतंय," एका सकाळी ती म्हणाली. "तोवर एक जरी परका माणूस दुसऱ्यांदा आला नाही, तर बंद करायचा. पेटीही भंगारात देऊन टाकते."

"दुसऱ्यांदाच का?"

"पहिल्यांदा माणूस चुकूनही येतो रे. तुझे मेहुणे शेजारच्या न्हाव्याचा पत्ता विचारायला दुकानात शिरले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी ओळखलं."

हे जावयाच्या कानावर गेलं आणि तो बाह्या सरसावून आला. म्हणाला, अशा काही साइट असतात, तिथे माणसं आवडलेल्या पानांवर खूण करून ठेवतात. एकाने केलेली खूण बाकीच्यांना दिसते, ती बघून तेही येतात. "मी चौदा ठिकाणी खूण करतो. उद्या झुंबड उडते की नाही बघा, मामा!"

उडाली. दुसऱ्या दिवशी नऊ हजार दोनशे माणसं आली. ताईने उगाचच केस विंचरले.

"थांबतायत किती वेळ?" तिने विचारलं.

"सरासरी आठ सेकंद," जावई जरा हळू आवाजात म्हणाला.

"आठ सेकंदांत माझा चष्मा सापडत नाही."

मग प्रतिक्रिया येऊ लागल्या. पहिली होती, "डॉक्टर, एरंडेल चालेल का?" दुसरी, "ऑपरेशनला नऊ दिवस झालेत. सुई घरच्या घरी बदलता येते का?" एक मात्र चांगलीच तापलेली होती, "मी नर्स आहे. हे असले सल्ले देणाऱ्या तुम्ही कोण? तक्रार करणार आहे."

ताईने ते पान माझ्यापुढे धरलं. शीर्षक अर्थातच मी दिलेलं होतं. 'टाके सुटतात? घाबरू नका. टेन्शन कमी करा, थोडं तेल घाला, मग सुई बदला.' मशीनच्या दृष्टीने त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं; टेन्शन म्हणजे दोऱ्याचा ताण.

"कुठल्या खणात टाकलंस हे?" तिने जावयाला विचारलं.

"आरोग्य. शीर्षकात टाके, टेन्शन, सुई. माणूस दुसरं काय समजणार?"

"लेख वाचला होतास?"

"आई, खूण करायला वाचावं लागत नाही."

माझ्या कपाटातल्या निम्म्या पुस्तकांत बाराव्या पानावर खुणा आहेत.

चौथ्या दिवशी चाळीस माणसं आली. आठवड्याने तीन.

"तीन?" ताई म्हणाली. "तू, मी, आणि?"

आता मलाही चैन पडेना. तिसरा रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी यायचा आणि वीस-बावीस मिनिटं थांबायचा. खूणवाल्या साइटवरून नाही, थेट ब्लॉगचा पत्ता टाकून.

"इतका वेळेवर कोण येतं, मामा? माणूस नाही हा," जावई म्हणाला. "बॉट असणार. पानं चाळत हिंडणारा प्रोग्रॅम."

"मग हा धरायचा नाही," ताई म्हणाली. ती नियमाला पक्की. पण रोज दुपारी दोन वाजता चष्मा लावून मोजणीच्या पडद्यासमोर बसू लागली. कुठलं पान आधी उघडलं, कुठलं नंतर, हे ती एका जुन्या वहीत टिपायची.

आठव्या दिवशी सकाळी वही उघडून तिने डोळे मिटले.

"काय गं, झोपलीस?"

"ऐकतेय. पहिले दोन दिवस सुईचं पान. मग तेलाचं. मग पुन्हा सुईचं. परवापासून बॉबिनचं शटल उघडण्याचं, तेही अठरा अठरा मिनिटं. त्याहून पुढे जात नाही." तिने डोळे उघडले. "हा माणूस मशीन उलटं करून बसलाय रे. शटलचा स्क्रू गंजलाय, फिरत नाहीये."

"आई, बॉट—"

"बॉटला सुई असते का? मग गप्प बसा, जावईबापू."

तिने त्याच सकाळी दहा ओळी लिहिल्या. गंजलेल्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब टाका, तासभर विसरून जा, मग आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित फिरवा आणि मग उलट. शीर्षकाला तिने मला हात लावू दिला नाही. 'शिलाई मशीनचा गंजलेला स्क्रू' असंच ठेवलं. एवढं रुक्ष शीर्षक मी जन्मात दिलं नसतं.

दोन दहाला तिसरा आला आणि नवं पान उघडून लगेच निघून गेला. ताई खुर्चीतून हलली नाही. मला वाटलं, कंटाळला बिचारा. पण सव्वातीनला तो परत आला आणि त्याने शटल बसवण्याचं पान उघडलं.

"निघाला!" ताई एवढ्या जोराने ओरडली, की मी उठून दाराकडे बघितलं.

एकोणतीस तारखेला प्रतिक्रिया आली. "मी तीच नर्स. तक्रार करायची तर नीट वाचायला हवं, म्हणून सगळं वाचलं. आमच्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी शिवायची दोन मशीनं सहा वर्षं धूळ खात होती. माझी ड्यूटी दोनला संपते, मग तिथे बसते. तुमच्यामुळे स्क्रू निघाला, एक मशीन चालू झालं. दुसरं फार कटकट करतं. फोनवर बोलाल का? नंबर खाली दिलाय."

दोन दहाला ताईने फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला.

"चालवा बघू," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

पलीकडून खडखडाट आला.

"शटल नाही हो, सिस्टर. चाकाचा पट्टा सैल आहे. घसरतोय."

"तुम्ही तर बघितलंही नाही!"

"तुम्ही नाडी काय हात कापून बघता?"

नर्स जी हसायला लागली ती थांबेचना. बोलणं पुढे तासभर चाललं. मधेच ताईने खुणेने मला पलंगाखालून पेटी ओढायला लावली. भंगारात द्यायला नव्हे, फोनचा कॅमेरा चालू करून पट्टा कापायची पक्कड सिस्टरना दाखवायला.

फोन ठेवल्यावर जावयाची कळी खुलली. "म्हणजे माझ्या खुणांचा उपयोग झाला की, आई!"

"झाला ना. नऊ हजार दोनशेतली एक टिकली, आणि तीही भांडायला आलेली." ताई वही पुढे ओढून लिहू लागली. 'शिलाई मशीनचा पट्टा सैल पडला तर.'

"हा कुठल्या खणात टाकू?"

"आधी वाच."

जावयाने वाचला. अकरा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी मोजणीत चार जण दिसले. चौथे जावईबापू, स्वतःहून आलेले.